समुद्रापासून चारशे किलोमीटर

आश्विन सरत आला की पाऊस संपला, असे आपण गृहीत धरतो; छत्र्या माळ्यावर जातात, ताडपत्र्यांच्या घड्या होतात, भिंतींवरून चुन्याचा हात फिरतो आणि दिवाळीच्या खरेदीची यादी निघते. बंगालच्या उपसागराचे पंचांग मात्र निराळे आहे. तेथे चक्रीवादळांचे हंगाम दोन, एक मोसमी पावसाच्या आधीचा आणि दुसरा त्याच्या माघारीनंतरचा, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंतचा. आणि या दुसऱ्या हंगामाच्या नोंदी चाळू लागले की सणांच्या तिथी आणि वादळांच्या तारखा एकाच पानावर लिहिल्यासारख्या दिसतात. ओडिशाचे महाचक्रीवादळ २९ ऑक्टोबर १९९९ रोजी आले, ते दिवाळीच्या नऊ दिवस आधी. फायलिन १२ ऑक्टोबर २०१३ रोजी, दुर्गाष्टमीच्या रात्री, गोपालपूरला धडकले. हुदहुद १२ ऑक्टोबर २०१४ रोजी विशाखापट्टणमवर आले, तितली ११ ऑक्टोबर २०१८ रोजी ऐन नवरात्रात, दाना २५ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे, लक्ष्मीपूजनाच्या आठवडाभर आधी, आणि मोंथा २८ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री, दिवाळीचे फराळाचे डबे अजून पुरते रिते झालेले नसताना.

हे सारे किनाऱ्यावरच्या लोकांना सांगण्याचे, रायपूरच्या पुरानी बस्तीत त्याचे काय, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो तेथे विचारलाही जातो. रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आणि गोपालपूरच्या किनाऱ्यापासून सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर आत आहे. मधे पूर्व घाटाचे डोंगर आडवे पडलेले आहेत. तेव्हा येथे चक्रीवादळाच्या पूर्वतयारीची गोष्ट काढली की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रथम स्मित उमटते, आणि त्याला शास्त्राचा थोडा आधारही आहे. चक्रीवादळाचे बळ उष्ण सागरजलाच्या बाष्पात असते. ते बाष्प वर चढून थंडावते, त्याचे पुन्हा पाणी होताना त्यातील सुप्त उष्णता मोकळी होते, आणि त्या उष्णतेवर तो अवाढव्य भोवरा फिरत राहतो. भूमीवर पाऊल पडताच ही रसद तुटते, आणि किनाऱ्यावर ताशी २०० किलोमीटरने घोंघावणारे वादळ एक-दोन दिवसांत हवामान खात्याच्या परिभाषेतील 'डिप्रेशन'वर, म्हणजे ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वाऱ्यावर, येऊन ठेपते. परंतु ज्या वेगाने वारा मरतो त्या वेगाने पाऊस मरत नाही. शेकडो किलोमीटर व्यासाचा तो बाष्पाचा संचय आकाशात तसाच राहतो, डोंगर आणि पठारे त्याला वर ढकलतात, आणि ज्या प्रदेशाने वादळाचे नावही मनावर घेतलेले नसते तेथे तो रिता होतो.

मराठी वाचकांना याचे प्रत्यंतर शोधण्यासाठी छत्तीसगडपर्यंत जाण्याचीही गरज नाही. २६ सप्टेंबर २०२१ रोजी 'गुलाब' नावाचे वादळ आंध्राच्या कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आले. किनाऱ्यावर त्याने केलेली हानी मोठ्या वादळांच्या तुलनेत माफकच होती. पण त्याचे अवशेष तेलंगणातून पश्चिमेला सरकले आणि २७ व २८ सप्टेंबरला, पूर्व किनाऱ्यापासून कितीतरी दूर असलेल्या मराठवाड्यात, लातूर, बीड आणि आजचा धाराशिव या जिल्ह्यांत नद्यांनी पात्रे सोडली, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, आणि ज्या भागात पूर्वी रेल्वेने पाणी आणावे लागले होते तेथे माणसे घरांच्या छपरांवरून हेलिकॉप्टरने उचलावी लागली. तेच अवशेष पुढे अरबी समुद्रात उतरून 'शाहीन' या नव्या नावाने ओमानवर गेले, हे वादळाच्या चिवटपणाचे आणखी एक प्रमाण. हुदहुदही विशाखापट्टणमची वाताहत करून छत्तीसगडच्या अंगावरून उत्तरेकडे गेले, आणि दोनच दिवसांनी नेपाळातील अन्नपूर्णेच्या परिसरात त्याच्या बाष्पाचे हिम होऊन गिर्यारोहक व त्यांचे वाटाडे त्याखाली गाडले गेले. किनारा ओलांडला म्हणजे वादळ संपले, ही समजूत नकाशा पाहणाऱ्याची आहे; पावसाची नाही.

पुरानी बस्ती हा रायपूरचा जुना गाभा. महामाया मंदिर, जैतूसाव मठ, पलीकडे दूधाधारी मठ आणि महाराजबंध, एका बाजूस बूढातालाब, दुसरीकडे कंकाली तालाब, आणि यांच्या मधून बैलगाडीच्या मापाने पडलेल्या, आज दुचाक्यांनी गच्च भरलेल्या गल्ल्या. मराठी माणूस येथे नागपूरकर भोसल्यांच्या अमलात आला. बिंबाजी भोसल्यांच्या पश्चात सुभेदारी सुरू झाली, विठ्ठल दिनकरांनी परगण्यांची घडी बसवली, कमाविसदार, फडणवीस, पंडित अशी कारकुनी मंडळी कुटुंबकबिल्यासह स्थायिक झाली, आणि १८१८ नंतर कर्नल ॲग्न्यू यांनी कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलवल्यावर या वस्तीला आणखी महत्त्व आले. ब्राह्मणपारा, तात्यापारा ही नावे त्या काळाची आठवण देतात. हिंदी पत्रकारितेचे एक आद्य पुरुष माधवराव सप्रे हे मराठी घरातले, आणि त्यांचे अखेरचे वास्तव्य याच शहरातले. आज त्या घराण्यांचा पुष्कळ विस्तार चौबे कॉलनीकडे आणि त्याही पलीकडच्या नव्या वसाहतींत गेला आहे. तरी काही जुनी घरे अद्याप उभी आहेत: मातीच्या किंवा चुन्यात बांधलेल्या जाड भिंती, पुढे परछी म्हणजे ओसरी, मागे विहिरीचे आवार, वर सागाच्या वाशांवर कवेलू, आणि त्याच कवेलूंना लागून नातवाने अलीकडे टाकलेला पत्रा, त्या पत्र्याला लागून पुतण्याचा सिमेंटचा स्लॅब. तीन पिढ्यांची तीन छपरे एकाच भिंतीवर भार टाकून राहतात, आणि पावसाची खरी परीक्षा त्यांच्या सांध्यावर होते.

अशाच एका घरातल्या आजींना मी वादळाविषयी विचारले तेव्हा त्यांनी वाऱ्याची बाब एका वाक्यात निकालात काढली. "वारं काय, दोन दारं आपटून निघून जातं रे; पाणी मुक्कामाला येतं." आणि मग पाण्याच्या मुक्कामाची तजवीज त्यांनी ज्या क्रमाने सांगितली तो क्रम कोणत्याही सरकारी पुस्तिकेपेक्षा मला अधिक पटला, कारण त्यात वस्तूंची यादी नव्हती, घर होते. ट्रंका विटांवर चढवायच्या. तांदळाची कोठी आणि भिंत यांच्यात हात जाईल एवढी फट ठेवायची. चुलीचे सरपण होते तेव्हा ते परछीच्या आतल्या कोपऱ्यात यायचे. आता गॅसचे दुसरे सिलिंडर भरलेले आहे ना, एवढे पाहायचे. मोरीच्या तोंडाशी जाळी आहे की नाही, आणि ती पानांनी तुंबलेली नाही ना, हे भरल्या आभाळात नव्हे, कोरड्या उन्हात पाहायचे. त्यांच्या शब्दांत याला 'तयारी' हे नावसुद्धा नव्हते. ज्येष्ठात एकदा आणि नवरात्र बसण्याआधी एकदा असे ते घरकामच होते, आणि मला वाटते, त्यांच्या पिढीची सारी सुरक्षितता या 'दुसऱ्यांदा'मध्ये होती. कवेलू फेरणे आपण ज्येष्ठात करतो. पण चार महिन्यांच्या पावसाने, मांजरांच्या पायांनी आणि वाशांच्या फुगण्याने ती हललेली असतात, आणि ऑक्टोबरातला उशिराचा पाऊस हा अशा खिळखिळ्या झालेल्या छपरावर येतो. दिवाळीच्या रंगरंगोटीसाठी शिडी निघतेच. त्याच शिडीने छपरावर नजर टाकली तर वेगळा खर्च पडत नाही.

पत्र्याच्या छपराची गोष्ट अधिक कठोर आहे. पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड, विटा, जुने टायर ठेवण्याची रीत सबंध देशात आहे आणि ती रीत चूक आहे: सोसाट्याच्या वाऱ्याने पत्रा उचलला गेला तर त्याच्याबरोबर दगडही गल्लीत येतो, आणि गल्ली चार हातांची असेल तर तो कोणाच्या तरी डोक्याच्याच वाटेवर असतो. पत्रा खालच्या पाइपाला हुक-बोल्टने जखडलेला हवा, कडेच्या ओळीत हुक दाट हवेत, कारण वारा प्रथम कडेलाच बोट घालतो. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीलाही हाच न्याय. रिकामी टाकी एक माणूस सहज उचलतो, हजार लिटर पाण्याने भरलेली टाकी टनभर वजनाची होते; म्हणून इशारा आला की टाकी काठोकाठ भरून घ्यावी, म्हणजे ती जागची हलत नाही आणि वीज गेल्यावर पंप बंद पडला तरी घरात पाणी राहते. जुन्या भिंतींत पिंपळाची रोपे उगवलेली असतात. पिंपळ तोडण्याचा संकोच आपल्याकडे फार, पण भिंतीत शिरलेले त्याचे मूळ पाण्याला आत जाण्याची वाट करून देते. रोप हातभर असतानाच ते काढून मोकळ्या जागी लावावे, म्हणजे धर्मही राहतो आणि भिंतही. भिजलेल्या मातीच्या भिंतीविषयी आणखी एक: ती पाऊस चालू असतानाच पडते असे नाही. आभाळ उघडल्यावर, सगळे सुटकेचा श्वास टाकत असतानाही ती बसते. फुगवटा आलेल्या, नवी भेग पडलेल्या भिंतीच्या बाजूला त्या रात्री अंथरूण घालू नये.

वीज मंडळात उमेदीची वर्षे खांबांवर घालवलेले एक निवृत्त लाइनमन याच वस्तीत राहतात. त्यांचे म्हणणे छत्तीसगडीत मोजके आहे, "पानी ले जादा करेंट ले डरव," म्हणजे पाण्यापेक्षा करंटला अधिक भ्या, आणि त्यामागे त्यांनी पाहिलेले अपघात आहेत. दिवाळीच्या दिव्यांच्या माळा, मूर्तीजवळचा फोकस, परछीत ओढलेली तात्पुरती वायर, लोखंडी दाराच्या चौकटीवर ठेवलेला जोड, कपडे वाळत घालण्याची तार आणि त्या तारेला चाटून जाणारी केबल, ही सारी कोरड्या दिवसांची सोय ओल्या दिवसाचा सापळा होते. घरात पाणी शिरण्याचा संभव दिसताच मुख्य स्विच बंद करावा, आणि तो कोरड्या हाताने, कोरड्या जागी उभे राहून. पाण्यात उभे राहूनच तो गाठावा लागणार असेल तर त्याला हात लावू नये, १९१२ या क्रमांकावर वीज कंपनीला कळवून बाहेरूनच पुरवठा तोडून घ्यावा. ३० मिलिअँपिअरची गळतीप्रवाह तोडणारी कळ, जिला इलेक्ट्रिशियन आरसीसीबी म्हणतात, ती जुन्या घरात क्वचित आढळते. फटाक्यांच्या एका मोठ्या पिशवीच्या आसपास तिची किंमत असते, एवढेच सांगतो. रस्त्यावर पडलेली तार मेलेली आहे असे कधीही धरू नये, आणि साचलेल्या पाण्यात ती पडली असेल तर त्या पाण्यालाच तार समजावे.

मांडवांचाही येथे विचार केला पाहिजे. नवरात्रात चौकाचौकात बांबूंचे उंच मांडव आणि दिवाळीपर्यंत जाहिरातींचे फ्लेक्स उभे असतात. ताशी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा झोत कवेलूंना फारसे काही करीत नसला तरी वीस फुटी कापडी भिंतीला तो शिडासारखा भरतो. फायलिनच्या वेळी ओडिशात अष्टमीची गर्दी ओसरून सुमारे दहा लाख माणसे आश्रयस्थानी गेली, आणि १९९९ साली ज्या राज्यात सुमारे दहा हजार माणसे मेली तेथे तितक्याच उग्र म्हणता येईल अशा वादळात मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. मधल्या चौदा वर्षांत तेथे राज्य आपत्ती प्राधिकरण उभे राहिले, किनाऱ्यावर खांबांवरच्या आश्रयशाळा झाल्या, पण माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट ही की सणाच्या रात्री मांडव सोडून निघण्याची सवय लोकांनी लावून घेतली.

इशारा मिळत नाही, ही तक्रार आता टिकणारी नाही. कलकत्ता बंदरात वादळाची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था १८६४ च्या भीषण वादळानंतर, १८६५ मध्ये सुरू झाली. हवामान खाते १८७५ चे. आज ते खाते किनाऱ्यासाठी चार पायऱ्यांनी सूचना देते: प्रतिकूल हवामान सुरू होण्याच्या ७२ तास आधी पूर्वकल्पना, ४८ तास आधी सावधगिरीची सूचना, २४ तास आधी इशारा, आणि वादळ जमिनीवर येण्याच्या किमान १२ तास आधी चौथी सूचना. ही चौथी सूचना आतल्या जिल्ह्यांसाठी असते; वादळ किनारा ओलांडल्यावर कोणत्या दिशेने जाईल आणि अंतर्भागात काय घडेल ते तीत असते. वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे त्या वेळी लाटांवर खिळलेले असतात, म्हणून रायपूरने, नागपूरने, लातूरने जी सूचना वाचायची तीच नेमकी वाचली जात नाही. रायपुरात लालपूरला हवामान केंद्र आहे, ते जिल्हावार पत्रक काढते. त्यात 'जोरदार पाऊस' म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर, 'अतिजोरदार' म्हणजे ११५.६ च्या वर, 'अत्यंत जोरदार' म्हणजे २०४.४ च्या वर, असे ठरीव अर्थ आहेत. विजेच्या कडकडाटासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेले 'दामिनी' हे ॲप फोनवर ठेवावे. आणि शेजाऱ्याने पाठवलेल्या भयप्रद चित्रफितीवर विसंबू नये. ऐकीव वार्ता किती काळ टिकते याचा मासला पाहा: जून १८८२ मध्ये मुंबईत चक्रीवादळाने एक लाख माणसे मेली, ही हकीकत जगभरच्या याद्यांत वर्षानुवर्षे छापली गेली, अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा समकालीन नोंदींत असे वादळ आढळलेच नाही.

वादळाचे तास थोडे, त्यानंतरचे दिवस फार, हे कोकणाने ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळात अनुभवले. श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली या पट्ट्यातून दुपारच्या काही तासांत ते गेले. पण नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पत्रे आणि कौले उडाली, आणि अनेक गावांत वीज काही आठवडे आली नाही. फोन मुके झाले तेव्हा कळले की जवळच्या माणसाचा क्रमांकही कोणाला तोंडपाठ नाही. म्हणून कागदावर लिहिलेले क्रमांक, त्यांत ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे दोन. भरलेली पॉवर बँक. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या पंधरा दिवस पुरतील इतक्या. इन्सुलिन घेणारे कोणी असेल तर फ्रिज बंद पडल्यावर ते मातीच्या ओल्या मडक्यात ठेवण्याची सोय. आणि आधार, शिधापत्रिका, बी-१ व खसरा या जमिनीच्या कागदांच्या नकला, बँकेचे पुस्तक हे सारे एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत, त्या पिशवीची जागा घरातल्या सर्वांना ठाऊक. आजच्या घरात पाच दिवसांचे धान्य असते, कारण डी-मार्टाची सवय. परंतु पाच दिवसांचे पिण्याचे पाणी नसते, ही गंमत नव्हे.

विहिरी असलेल्या घरांना पाण्याचा वरकड आधार आहे, पण गल्लीतले पाणी काठावरून आत गेले की तीच विहीर रोगाचे उगमस्थान होते. विहिरीतील पाण्याचा अंदाज घेऊन दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीचे ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवून, गाळ खाली बसल्यावर वरचे पाणी विहिरीत सोडावे, आणि तासभर थांबावे; पिण्याचे पाणी तरीही उकळूनच घ्यावे. पाण्याबरोबर सापही घरात येतात. छत्तीसगडात नाग, मण्यार आणि घोणस तिन्ही आहेत, आणि मण्यार तर रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते व तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपणे हा त्यावर सोपा उपाय. दंश झालाच तर बैगाकडे म्हणजे मांत्रिकाकडे नव्हे, थेट सरकारी रुग्णालयात; चिरा देणे, चोखणे, आवळून बांधणे काही नको.

अपाय झालाच तर त्याची नोंद हा पुढचा भाग, आणि तेथे आपली माणसे फार ढिली. छत्तीसगडात नैसर्गिक आपत्तीची मदत राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४ अन्वये मिळते. वीज पडून, बुडून किंवा सर्पदंशाने मृत्यू झाल्यास वारसांना ४ लाख रुपयांची तरतूद त्यात आहे, पण शवविच्छेदन झालेले नसेल तर हक्क अडतो. घराची पडझड आवरण्याआधी छायाचित्रे घ्यावीत, पटवाऱ्याला लेखी कळवावे, पंचनाम्याची नक्कल मागून घ्यावी. शेती असलेल्या कुटुंबांना तर कापणीचा महिना दुहेरी चिंतेचा: धान कापून शेतात करपा, म्हणजे कापलेले पीक, पडलेला असतो किंवा खरही, म्हणजे गंजी, रचायची असते, आणि तीन दिवसांची झड त्याला कोंब फोडते. चौथ्या सूचनेचे बारा तास तेथे एका ताडपत्रीच्या किमतीत मोलाचे ठरतात.

घराने एवढे केल्यावरही एक गोष्ट घराच्या हातात राहत नाही. रायपूर हे तलावांचे शहर होते. वाढीव पाणी एका तलावातून दुसऱ्यात आणि अखेरीस खारून नदीत जावे, अशी जुन्या वस्तीची ठेवण होती. त्या तलावांपैकी किती बुजले याची साक्ष रजबंधा मैदान हे नावच देते. आज तेथे वृत्तपत्रांच्या कचेऱ्या आहेत. तलाव बुजवून मैदान झाले, मैदानावर इमारती आल्या, पण पावसाने आपला जुना उतार सोडलेला नाही, आणि म्हणून तो आता कोणाच्या तरी परछीत मुक्काम करतो. याचा जाब नागरिकांनी नाले स्वच्छ करण्याच्या मोसमात, एप्रिल-मे महिन्यांत मागायचा असतो. पाणी उंबऱ्याशी आल्यावर मागितलेला जाब वर्तमानपत्राच्या मथळ्यापलीकडे जात नाही.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा दुसरा हंगाम संपलेला नसेल. २०२३ चे मिचाँग वादळ ५ डिसेंबरला आंध्राच्या बापटलाजवळ आले होते. आकाशकंदील लावायला शिडी निघेल तेव्हा तिच्यावरून थोडे वर चढून पत्र्याचे हुक आणि कवेलूंची ओळ एकदा पाहून घ्या, मुख्य स्विच कोठे आहे हे घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला दाखवा, आणि शेजारी एकटे राहणारे वृद्ध कोणी असतील तर त्यांच्या टाकीत पाणी आहे का, ते विचारा.